दाढेत धरलेली शिटी

“पुढच्या दातांत लटकवू नकोस, पोरी. बाजूच्या दाढेत धर. म्हणजे हात मोकळे राहतात. पाण्यापाशी उभं राहणाऱ्याचे हात अडकलेले नसावेत.”

मित्रांनो, हा आवाज माझ्या अंगात अजून भरून आहे. मी एक जुनी पितळी शिटी आहे. ज्या पोरीला हे सांगितलं तिचे केस आता पिकले आहेत आणि ज्यांनी सांगितलं ते आप्पा आपण काय सांगितलं ते केव्हाच विसरून गेले आहेत. मी मात्र विसरू शकत नाही. माझ्या पोटात बुचाची एक गोळी आणि चिमूटभर हवा एवढंच सामान. सांभाळायला दुसरं आहे काय?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेच्या पत्र्यातून मला कापलं, साच्यात दाबून गोल केलं, डाख देऊन सांधलं. कारागिराने मला ओठांना लावून एकदा फुंकलं, मान हलवली आणि खोक्यात टाकलं. तेव्हाच मला कळून चुकलं, की आपल्याला स्वतःचा श्वास नाही. देवाने कुणाला पाय दिले, कुणाला पंख दिले, मला दुसऱ्याचा श्वास दिला. कोणी दिला तर बोलायचं, नाही तर गप्प पडून राहायचं. याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. पण पुढची हकिगत ऐकताना एवढं ध्यानात ठेवा, की फुंकणाऱ्याला “नको” म्हणणं माझ्या हातात नव्हतं. मला हातच नाहीत.

आप्पा एका पोहण्याच्या तलावाचे रखवालदार होते आणि शिकवणारेही तेच होते. त्यांनी मला दोरीत ओवून गळ्यात घातलं. रोज पहाटे तलावावरची पानं जाळीने काढायची, पाणी हातावर घेऊन पाहायचं, काठाला पाय घसरत नाही ना ते चालून बघायचं आणि मगच मला दाढेत धरून एक आखूड शीळ घालायची, असा त्यांचा नेम होता. आखूड शीळ म्हणजे पाणी पाहिलं, आता या. आणि लांब शीळ म्हणजे असाल तिथे थांबा. लांब शीळ झाली की पोहणारा पोहायचा थांबे, पळणारा एक पाय उचललेला तसाच उभा राही. एकदा एका गृहस्थांच्या हातातला साबण सुटला, तर तो उचलायलाही ते वाकले नाहीत. असा माझा दरारा होता! लोक म्हणत, “आप्पांची शिटी म्हणजे शिटी आहे.” मी फुलून जात असे. आता वाटतं, स्तुती श्वासाची होती. मी उगीचच मिरवून घेतलं.

आप्पांचे डोळे अधू झाले तेव्हा मी त्यांच्या मुलीच्या गळ्यात आले. तलावावरची सगळी मुलं तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते. ताईने बापाचा नेम जसाच्या तसा उचलला. ती मोठी श्रद्धाळू आहे. पाण्यात हात घालण्याआधी क्षणभर डोळे मिटून उभी राहते. काय पुटपुटते ते मला ठाऊक आहे, कारण मी तिच्या छातीशीच असते. “सगळ्यांना जसं आत सोडते तसंच बाहेर येऊ दे.” एवढंच. मग मला दाढेत धरते आणि फुंकते.

या शिळेची वाट पाहणारं आणखी एक माणूस होतं. तलावाच्या आवारातच, कपडे बदलण्याच्या खोल्यांच्या शेजारी, आप्पांची खोली आहे. ताई आणि तिचा नवरा समोर, पंपघराच्या वर राहतात. जिना चढवत नाही म्हणून आप्पा खालीच राहिले. डोळ्यांपाठोपाठ त्यांची आठवणही विरत गेली. कधी ते ताईला मुलगी म्हणून ओळखत, कधी “बाई, तुम्ही कोणाच्या?” असं विचारत. पण पहाटेची शीळ त्यांनी कधी चुकवली नाही. ती ऐकली की ते म्हणत, “झालं. पाणी पाहिलं.” मग जावई चहा घेऊन जाई आणि ते निमूट पीत. जावयाला सगळे पंपकाका म्हणतात, कारण पंप सोडून तो कुठे फारसा दिसत नाही.

आणि एखाद्या दिवशी शीळ झालीच नाही तर? तर आप्पांना वाटे, तलाव उघडा पडलाय, पाण्यापाशी कोणी नाही, माझीच पाळी आहे. मग ते काठी घेऊन उठत. एकदा ताईला थोडा उशीर झाला तर ते दाराबाहेर येऊन उभे होते. अंधूक डोळ्यांचा म्हातारा आणि पुढे खोल पाणी. त्या दिवसापासून ताईने शीळ चुकू दिली नव्हती. अंगात ताप असो, पाहुणे असोत, काहीही असो.

अशात तिची दाढ दुखू लागली.

दुखणं बऱ्याच दिवसांचं होतं. ती त्या बाजूने जेवत नसे. गार पाणी लागलं की डोळे मिटून घेई. मला दाढेत धरताना तर तिच्या मानेची शीर ताठ होई, ते मला रोज कळत होतं. मी काय करणार? पंपकाका म्हणाला, “अगं, दाखव कुणाला तरी.” ती म्हणाली, “अहो, दाढच आहे. जाईल कुठे?” शेवटी एका सकाळी गाल पावासारखा फुगला, तेव्हा पंपकाकाने चप्पल तिच्या पायाशी आणून ठेवली आणि म्हणाला, “चल. आज मी पंपाचं ऐकणार नाही आणि तुझंही नाही.”

दाताच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान पण बोलायला खणखणीत होत्या. त्यांनी ताईला मागे कलणाऱ्या खुर्चीत झोपवलं, वरचा दिवा तोंडावर ओढला आणि म्हणाल्या, “गळ्यातलं काढा.” मला काढून त्यांनी शेजारच्या स्टीलच्या ताटलीत ठेवलं. आजूबाजूला आरसा, सुई, चिमटा. मी आयुष्यभर लोकांना थांबवलं होतं, पण त्या चिमट्यापुढे माझीच बोबडी वळली.

“ताई, दाढेला उभी चीर गेलीय. खाली पू झालाय. ही काढावी लागणार.”

“औषधानं नाही का बसणार?”

“भेगा पडलेला माठ औषधानं बसतो का?”

भुलीची सुई टोचली. ताईचा ओठ जड झाला. तिने खुर्चीचे दांडे घट्ट धरले आणि डोळे मिटले. मला ठाऊक होतं, आत काय चाललंय. जसं आत सोडते तसंच बाहेर येऊ दे. डॉक्टरीणबाई चिमटा हळूहळू इकडून तिकडे हलवत होत्या. कुरकुर असा आवाज आला, ओल्या लाकडाचा असतो तसा. दुखत नव्हतं तिला, पण डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. मी हातभर अंतरावर पडून होते. लांब शीळ घालावी, सगळं जागच्या जागी थांबवावं, असं फार वाटलं. पण श्वास कुणाचा आणायचा?

दाढ निघाली आणि माझ्याच शेजारी ताटलीत येऊन पडली.

डॉक्टरीणबाईंनी ती उचलून दिव्याखाली धरली. “हे काय? दाढेला ही खाच कसली?” त्यांची नजर माझ्यावर आली. त्यांनी मला उचललं आणि माझी चपटी कड त्या खाचेत बसवली. बसली, मित्रांनो. कुलपात किल्ली बसावी तशी बसली. इतकी वर्षं रोज तिच्या तोंडात राहून मी तिचीच दाढ खात होते आणि लोक माझी वाहवा करत होते.

“ऐका,” त्या म्हणाल्या, “हा कापूस घट्ट चावून धरा. थुंकायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही, नळीनं काही प्यायचं नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसलीय, तिला खपलीसारखं जपायचं. ती निघाली तर खालचं हाड उघडं पडेल आणि मग जे दुखेल त्यापुढे आजचं काहीच नाही. आणि ही शिटी? हिला हात लावायचा नाही.”

ताईने एक बोट वर केलं. म्हणजे, सकाळी एकदाच?

“एकदाही नाही.”

घरी आल्यावर पंपकाकाने फडक्यात बर्फ बांधून तिच्या गालाला लावला, गार दूध वाटीत ओतून दिलं. ताईचा ओठ अजून बधिर होता, दूध हनुवटीवरून ओघळत होतं. तो ते पुसत म्हणाला, “लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा या घरात मी बोलतोय आणि तू ऐकतेयस.” ताईला हसू आलं आणि हसताना कळ आली, तेव्हा तिने त्याला चापट मारली.

मग खरी काळजी पुढे आली. उद्या शीळ कोण घालणार?

“मी घालतो की,” पंपकाका म्हणाला. “फुंकायला काय लागतं?” ताईने शंकेने पाहिलं. तो म्हणाला, “नाही तर मग एक-दोन दिवस आप्पांच्या दाराला बाहेरून कडी लावू.” ताईने नुसती मान हलवली, पण अशी, की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. ज्या माणसाने जन्मभर दार उघडलं त्याला कोंडायचं, हे तिला होणार नव्हतं.

पहाट झाली. औषधाच्या गुंगीत ताईला जाग आली नाही. पंपकाकाने पानं काढली, पाणी पाहिलं, मला तोंडात धरलं आणि गाल फुगवून फुंकलं. त्याने मनापासून फुंकलं, खोटं कशाला बोलू? पण त्याला जीभ कुठे ठेवायची ते ठाऊक नव्हतं. माझ्यातून ‘फुर्रर्र’ असं काहीतरी निघालं. शीळ नव्हती ती, शिंक होती. त्याने मला फाटकाजवळच्या खिळ्याला टांगलं आणि समाधानाने पंपघरात उतरला. पंप सुरू झाला की त्याला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नाही.

आप्पांच्या खोलीतून आवाज आला, “हे कोण? तलावावर कोण आलंय?”

मग काठी वाजली. टक. टक.

मी खिळ्यावरून सगळं पाहत होते. आप्पा दारात आले. त्यांनी मान वर करून हवेचा वास घेतला. समोर तलाव होता. डावीकडे वळलं तर उथळ बाजू, उजवीकडे खोल. ते उजवीकडे वळले. रखवालदार नेहमी खोल बाजूला उभा राहतो. डोळे गेले, नावं गेली, पण ती जागा त्यांच्या पायांना पाठ होती. फक्त काठ कुठे संपतो ते आता पायांना कळत नव्हतं.

वरची खिडकी उघडली. ताई! पंपाच्या घरघरीतही काठीच्या आवाजाने तिला जाग आली होती. तिने हाक मारायला तोंड उघडलं, पण जबडा आखडलेला, गाल सुजलेला. “आ... आ...” असं काहीतरी निघालं. आप्पा थबकले, म्हणाले, “कोण रडतंय?” आणि पुढे चालू लागले. ताई जिन्यावरून कशी उतरली ते तिलाही सांगता येणार नाही. फाटकाजवळून धावताना तिने मला खिळ्यावरून ओढलं, दोरी तुटली. ती इतक्या लांब होती, की पळून पोहोचणं शक्य नव्हतं.

तिने मला ओठांत धरलं.

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. त्या खड्ड्यातली खपली, ते उघडं हाड, डॉक्टरीणबाईंचं ‘एकदाही नाही’. आणि समोर आप्पांची काठी पाण्यावर अधांतरी फिरत होती, तेही दिसत होतं. मी गप्प राहिले असते तर? पण मला गप्प राहता येत नाही आणि मला बोलताही येत नाही. ती जे देईल तेच माझं.

तिने लांब शीळ घातली.

आप्पा जागच्या जागी उभे राहिले. उचललेलं पाऊल त्यांनी होतं तिथेच, काठावर, टेकवलं. पाठ ताठ झाली. जन्मभर ज्या शिस्तीने त्यांनी लोकांना थांबवलं तीच शिस्त त्यांना धरून राहिली. ताईने धावत जाऊन त्यांना मागून मिठी मारली आणि दोघं ओल्या फरशीवर बसली. माझ्या कडेवर रक्त होतं. आप्पांनी तिचा हात चाचपला.

“हे ओलं काय लागलं?”

“पाणी, आप्पा,” ती कशीबशी म्हणाली.

“हं. पाणी पाहिलंस ना?”

“पाहिलं.”

त्या दिवशी काही झालं नाही. तिला वाटलं, निभावलं. पण पुढे ठणका सुरू झाला तो कानापर्यंत, डोळ्यामागे, मानेत. ती भिंतीला कपाळ टेकून बसून राही. डॉक्टरीणबाईंनी तोंडात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “गुठळी गेली. हाड उघडं पडलंय. मी काय सांगितलं होतं?” ताईने फक्त म्हटलं, “वडील.” खड्डा धुऊन त्यांनी लवंगेच्या तेलाची पट्टी आत भरली. मग ताईच्या मुठीतून मला घेऊन, उलटंपालटं करून म्हणाल्या, “शेजारच्या दातालाही ओरखडा आहे. पुन्हा दाढेत धरलीत तर तोही जाईल. तोंड बरं झाल्यावरसुद्धा.”

पट्टी बदलायला जायचं, मिठाच्या कोमट पाण्याने अलगद चूळ फिरवायची, कुस्करलेलं केळं खायचं, असे दिवस सुरू झाले. त्या दिवसांत पंपकाका पंप बंद ठेवून आप्पांच्या उंबऱ्यातच झोपू लागला. “माझ्या फुंकण्यात जीवच नव्हता,” असं तो सारखं म्हणे. आप्पा मात्र पहाटेपासून अस्वस्थ. शीळ नाही, म्हणजे पाण्यापाशी कोणी नाही. “उठू द्या मला. तुम्ही कोण अडवणारे?” जावई म्हणे, “आप्पा, मी जावई.” आप्पा म्हणत, “जावयाला एवढं रिकामपण कसं?”

एका दुपारी त्यांना शांत करायला ताईने मला त्यांच्या हातात दिलं. गाल अजून सुजलेला, आवाज फुटेना. आप्पांनी मला ओळखलं. इतक्या दिवसांत मला वाटलं होतं, की त्यांना माझाही विसर पडला असेल. त्यांचा अंगठा माझ्या कडेवरून फिरला आणि ओळखीच्या जुन्या खुणांवर थांबला. तिथे त्यांचे दात आहेत. मग तो पुढे सरकला आणि अडखळला.

“ही माझी नाही.”

“काय, आप्पा?”

“ही खाच. खोल आहे. ही माझी नाही.”

“माझी आहे,” ताई म्हणाली.

आप्पा बराच वेळ अंगठा तिथेच घासत राहिले. “एवढी घट्ट कशाला धरायची?”

“तुम्हीच सांगितलंत. दाढेत धर म्हणून.”

“धर म्हटलं होतं. चाव म्हणून कुठं सांगितलं?”

ताईला हसू आलं आणि रडूही. दोन्हींनी दुखलं. मग ती हळूच म्हणाली, “भीती वाटते, आप्पा. पोरं पाण्यात असली की मला भीती वाटते. मी चावूनच धरते. तसं नाही केलं तर ओरडत सुटेन.”

मित्रांनो, हे मला ठाऊक होतं. रोज ठाऊक होतं. पण तिने कुणापाशी बोलून दाखवलं ते त्या दुपारी पहिल्यांदा.

आप्पांनी आपल्या जुन्या खुणांवर तिचं बोट नेऊन ठेवलं. “हे बघ,” ते म्हणाले. “हे काय उगीच उठलंय?” आणि मग त्यांनी चाचपत तिच्या सुजलेल्या गालावर हात ठेवला. लहान मुलाच्या गालावर ठेवावा तसा. “दुखतंय का, पोरी?”

“हो, आप्पा.”

“मग नको वाजवूस. तू ये. मला इथं येऊन सांग, पाणी पाहिलं म्हणून. मी उठणार नाही.”

“येईन. रोज येईन. तुम्ही मी येईपर्यंत पाय खाली टाकायचा नाही.”

“नाही टाकणार,” आप्पा म्हणाले.

दोघांनाही ठाऊक होतं, की त्यांच्याकडून हे लक्षात राहणार नाही. वचन दोघांनी दिलं, पाळायचं एकीनेच.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दुखरा दात बोलत असतो, त्याचं वेळेवर ऐका. आणि घरातलं जे माणूस काही न बोलता काहीतरी दातांत धरून उभं असतं, त्याला एकदा जवळ जाऊन विचारा, दुखतंय का. मला हे विचारता आलं नाही. तिच्या सगळ्यात जवळ मीच होते, तरी विचारता आलं नाही. तुमच्याजवळ तुमचा स्वतःचा श्वास आहे.

आता मी आप्पांच्या मुठीत असते. दोरी तुटलेलीच आहे, कोणी नवी ओवली नाही. पितळ काळं पडत चाललंय. मला आता कुणी फुंकत नाही आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, असं म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही.

त्या दिवसांनंतर आज पहिल्यांदाच पंपकाका उंबरा सोडून आपल्या घरी झोपला आहे. खिडकीत उजेड यायचा आहे. आप्पा जागे झालेत. ते कान देऊन पडलेत. शीळ होत नाही. त्यांचा अंगठा माझ्या कडेवर जलद फिरतोय, त्या खोल खाचेशी येतोय, पुढे जातोय, पुन्हा येतोय. “पाण्यापाशी कोणी नाही,” ते स्वतःशीच म्हणतात. दुसरा हात काठी शोधतो. एक पाय पलंगावरून खाली येतो आणि गार फरशीला लागतो.

मी काय करू? मी त्यांच्या मुठीत आहे आणि माझ्यात श्वास नाही.

तेवढ्यात आवाराच्या पलीकडे, पंपघराच्या वर, कडी सरकल्याचा बारीक आवाज होतो. जाळी पाण्यावरून एकदा फिरते. कोणीतरी क्षणभर थांबतं, डोळे मिटून थांबावं तसं. मग ओल्या फरशीवरून अनवाणी पावलं निघतात, घाई न करता, खोल बाजूकडून आमच्या दाराकडे.